टोपी काढून सांगायची गोष्ट

माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर पाऊस कोसळला, तेव्हा आभाळ निळंशार होतं!

हॅलिफॅक्समध्ये असं ऊन वर्षातून चार दिवस. आणि गल्लीच्या तोंडाशी एक माणूस खुशाल नळीने पाऊस पाडत होता... मागे कॅमेरे, दिवे, खोटी पोलीसगाडी.

"अहो, अक्कल कुठे गहाण ठेवलीत?" मी ओरडले.

लोकरी टोपी घातलेला एक उंच तरुण धावत आला. "माफ करा... पोलिसांची मालिका आहे. पावसाशिवाय खरी वाटत नाही."

"नऊ वर्षं पोलिसात होते मी. माणसं उन्हातही मरतात!"

 मग चादरीचं एक टोक त्याने धरलं, दुसरं मी. पिळता पिळता त्याने विचारलं, "लिहायला मदत कराल मला?"

एलियट त्याचं नाव. मालिका तोच लिहायचा. बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. मी हो म्हणाले, ते त्या कानांमुळेच.

सहा आठवडे माझ्या स्वयंपाकघरात किटल्यांवर किटल्या चहा झाला. अहो-जाहो कधीच गळून पडलं. त्याचं बिस्किट दर वेळी चहात तुटायचं.

"ह्याच हाताने खून लिहितोस?"

"खून सोपा असतो गं... बिस्किट अवघड."

अशाच एका दुपारी मी त्याला आमच्याच गल्लीतल्या, चौदा नंबरच्या घरातल्या मिसेस पिकल्सबद्दल सांगितलं. त्यांच्या मुलाला, डॅनीला, मोटरसायकलवर जीवघेणा अपघात झाला, आणि ती बातमी द्यायला त्यांचं दार वाजवायची पाळी माझ्यावर आली. आम्हा पोलिसांची एक रीत असते. टोपी काढायची, नाव घ्यायचं, साधा शब्द वापरायचा. 'गेला' म्हणायचं नाही, 'मेला' म्हणायचं. टोचतो तो शब्द; पण नाहीतर आई विचारते, कुठे गेला? मग चहा करून द्यायचा आणि निघताना कप विसळायचे. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आठवड्याने त्याने लिहिलेला प्रसंग हातात पडला. त्याची पोलीसबाई उंबऱ्यातच हुंदके देत होती! पानभर भाषण! वरून पाऊस!

"हे काय आहे?"

"प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी यायला—"

"आईच्या आधी तुझी नटी का रडते? मी मूळची वेल्श; आमचे पाद्री इथल्या चॅपलमध्ये प्रवचन गाऊन सांगतात. दुःखाची ओळ आली की आवाज खाली आणतात रे! टाळी मागत नाहीत, देवासमोर उभे असतात. मिसेस पिकल्स दर रविवारी तिथे माझ्या शेजारी बसतात. त्यांनी हे टीव्हीवर पाहिलं तर? मी विश्वासाने सांगितलं, तू तमाशा मांडलास. ते पान फाड, नाहीतर माझं दार विसर!"

दहा दिवस तो फिरकला नाही. त्याची चीड येत होती... आणि किटलीत अजून दोघांचं पाणी ओतणाऱ्या माझ्या हाताचीही.

अकराव्या दिवशी मिसेस पिकल्सच दारात. "चल पोरी, आज चित्रीकरण आहे. त्याने मला विचारलंय."

"कधी?"

"मंगळवारी. टोपी हातात धरून उभा होता. म्हणाला, तुम्ही नको म्हणालात तर हे होणार नाही."

नळी गुंडाळून ठेवलेली होती. स्वच्छ ऊन. नटीने टोपी काढली. नाव घेतलं. मग तो एक शब्द. त्यानंतर कॅमेऱ्याकडे पाठ, आणि कप विसळल्याचा आवाज... फक्त तेवढाच. शेवटी तिने ते कप पिठाच्या डब्याशेजारी ठेवून दिले.

"हे मी नव्हतं सांगितलं," मी पुटपुटले.

"मी सांगितलं," मिसेस पिकल्स म्हणाल्या. "त्या दिवशी तू भलत्याच कपाटात ठेवले होतेस. मी अजून तिथेच ठेवते."

नऊ वर्षांत कुणाच्या दारात रडले नव्हते, ती मी भर रस्त्यात रडले.

एलियट समोर येऊन उभा राहिला. "अजून रागावली आहेस?"

"हो! चौदा नंबरचं दार सापडलं, माझं नाही सापडलं?"

"तुझ्यासाठी लिहीत होतो... चार पानं..."

"एलियट!"

"फाडली."

त्याने टोपी काढली. कान लालबुंद.

"बेथन," तो म्हणाला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

आणि टोपी हातात धरून तिथेच उभा राहिला.

"मग उभा काय राहिलास?" मी डोळे पुसत डाफरले. "चल. चहा मी करते, कप तू विसळ... आणि ठेव हव्या त्या कपाटात."