कापडामागचा आवाज

"ढापण्या, शिडी हलली तर मी तुझ्याच डोक्यावर पडेन, आणि मी काही हलकी नाही," ठिणगी वरून म्हणाली.

"शिडी कुठे हलतेय? तूच हलतेयस. आणि ते बघ ना, ती पाखरं कापडाला टकरा का मारतायत?"

उद्या संध्याकाळी कालव्याकाठच्या जुन्या पंपघरासमोर, उघड्यावर, गाण्याचा मोठा कार्यक्रम होता. पंपघर बंद पडून जमाना लोटला होता. छपराची चाळण झाली होती आणि आता ते पाडायचं घाटत होतं. ते वाचवण्यासाठी देणग्या जमवायचा विडा ठिणगीच्या आत्याने उचलला होता. तिने घरोघर फिरून कार्यकर्ते गोळा केले आणि सुटी लागल्या लागल्या भाचीलाही, तिच्या मित्रासकट, कामाला जुंपलं. वर्गात तोंडातून चकार शब्द न काढणारी ही पोरगी आत्याच्या तालमीत दुकानदारांशी तावातावाने बोलायला शिकली होती. आत्याचा शब्द म्हणजे तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

पंपघराचा व्हरांडा हाच रंगमंच. त्याच्या छताखाली परवाच पांढरंशुभ्र कापड ताणून बसवलं होतं. दुभंगलेल्या शेपटीच्या भिंगऱ्या भिरभिरत त्या कापडापर्यंत येत, धडकत, मागे वळत आणि पुन्हा येत.

"चोचीत किडे आहेत," ढापण्या चष्मा पुसत म्हणाला. "स्वतःसाठी असते तर गिळले असते की."

ठिणगी आणखी दोन पायऱ्या चढली आणि तिने कापडाला कान लावला. पलीकडून बारीक, चिरका आवाज येत होता. छताला भिंगऱ्यांची मातीची घरटी होती आणि आत पिल्लं कोंडली गेली होती.

दोघं धावत मंडपवाल्याकडे गेली. तो दोऱ्या गुंडाळत होता. त्याने हात झटकले. घरटी त्यालाही दिसली होती, त्याने आत्याबाईंना तसं सांगितलंही होतं. पण बाई म्हणाल्या, रिकामी आहेत, लावा कापड.

म्हणजे आत्याची चूक झाली होती, एवढंच. ठिणगीला केवढं हायसं वाटलं! आता सांगितलं की आत्या पदर खोचून स्वतःच शिडीवर चढेल.

आत्या खुर्च्यांच्या रांगा लावून घेत होती. तिने मान वर केली नाही.

"रिकामीच आहेत ती. वाऱ्याने कापड वाजत असेल."

"आत्या, मी कान लावून ऐकलं."

"हे बघ, गाणाऱ्या बाईंच्या डोक्यावर घाण पडली तर एक माणूस देणगी देणार नाही. पंपघर पाडलं तर घरटी काय हवेत लटकणार आहेत? जा, पाण्याच्या बाटल्या आण."

ठिणगी बाटल्या आणायला निघाली. मुद्दा खोटा नव्हता, हेच तर वाईट होतं. ढापण्याचं म्हणणं, कापड सरळ फाडू या. पण फाडलं असतं तर तासाभरात नवं लागलं असतं आणि या दोघांची घरी रवानगी झाली असती. कार्यकर्त्यांनी आपल्या कानांनी ऐकायला हवं होतं.

दुपारी आवाजाची चाचणी होती. माइकवाल्याला हाताखाली माणूस हवाच होता. ढापण्या शहाण्यासारखा त्याच्या वायरी उचलू लागला. गायिका आल्या, कार्यकर्ते खुर्च्यांवर टेकले आणि माइकवाला बटणं फिरवायला लागला. तेवढ्यात ठिणगी एक माइक घेऊन शिडीवर चढली आणि तिने तो कापडाच्या कडेच्या फटीतून आत सरकवला.

भल्यामोठ्या कर्ण्यांतून ची ची ची असा आवाज फुटला. दोन-तीनच गळे असावेत, पण कालव्याच्या पलीकडेही ऐकू गेला असता.

"कोण रडतंय हे?" गायिकेने विचारलं.

ठिणगीने शिडीवरूनच सांगितलं. गायिका उठल्या आणि म्हणाल्या, "आधी हे उतरवा. त्याशिवाय मी गाणार नाही."

मंडपवाल्याने गाठी सोडल्या. कापड सैल झालं आणि त्याबरोबर मेलेली पिल्लं टपटप खाली पडली. ढापण्याने चष्मा काढून खिशात ठेवला. वर एकाच घरट्यातून पिवळ्या चोची उघडल्या होत्या. तिथे लगेच एक भिंगरी येऊन चिकटली. बाकीच्या आपापल्या घरट्यांपाशी फडफडत राहिल्या. त्यांच्या चोचीतले किडे तसेच होते.

कार्यक्रम दणक्यात झाला. छपरापुरत्या देणग्या जमल्या. शेवटी आत्याने भरल्या गळ्याने सांगितलं की आमच्या छोट्या कार्यकर्त्यांनी मुक्या जिवांना वाचवलं. दोघांना वर बोलावलं, गायिकेने पाठ थोपटली, प्रेक्षकांतल्या एका निवृत्त शिक्षकांनी 'अशी मुलं घरोघरी हवीत' म्हटलं. टाळ्या थांबेनात.

रंगमंचावरून उतरताना ठिणगीने हळूच विचारलं, "आत्या, तुला खरंच रिकामी वाटली होती का गं घरटी?"

आत्या हसऱ्या चेहऱ्याने लोकांना नमस्कार करत होती. तिचे हात जोडलेलेच राहिले.

"कापड लावलं त्या दिवशी खूप ओरडत होती," ती म्हणाली. "मग आवाज कमी होत गेला. मला वाटलं, झालं आता."

तिने ठिणगीच्या खांद्यावर हात ठेवला. ठिणगी त्या हाताखालून निघाली आणि खुर्च्या आवरायला गेली.