आठवा फेटा

जीपमध्ये तो माझ्या शेजारी दाटीवाटीनं येऊन बसला, तेव्हा माझ्या अंगावर ताईची पैठणी होती आणि कुठं पळून जाऊ असं मला झालं होतं.

जानेवारीतला शुक्रवार, दुपारचे तीन. नगरहून घोडेगावकडे निघालेली जीप, आत पंधरा माणसं, आणि त्याच्या मांडीवर कापडाचं हे एवढं गाठोडं. पहिल्याच गतिरोधकाला गाठ सुटली. लालभडक कापडाचा एक पदर घरंगळत थेट माझ्या मांडीवर आला.

"अहो, तुमचं कापड—"

"राहू द्या की. शोभतंय." मग तो स्वतःच लाजला. "म्हंजे... रंग. रंग शोभतोय, असं म्हनायचं हुतं."

दिवसभरात मी पहिल्यांदा हसले. "एवढं कापड कशाला?"

"फेटे बांधतो. लग्नाचे, सत्काराचे. नगरात दुकान हाय. बन्सी म्हंत्यात मला."

"बन्सी? हे तर आजोबांचं नाव वाटतं."

"आजोबांचंच हाय. ते गेले आन् नाव माझ्या गळ्यात पडलं." त्यानं कापड गुंडाळायला घेतलं. पण माझ्या मांडीवरचा पदर मात्र अगदी सावकाश ओढला... मला कळत होतं. "आन् तुमी काय करता?"

झालं! भर शाळेच्या वेळेत पैठणी नेसून जीपमधून फिरणारी शिक्षिका काय सांगणार?

"मी... बँकेत असते."

"आज सुट्टी बँकेला?"

"रजा काढलीय."

"कुठली बँक? न्हाई, खातं काढायचं हुतं मला."

मी खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या मोजू लागले. तो गालातल्या गालात हसत राहिला. घोडेगावला उतरताना म्हणाला, "येतो मग, बँकवाल्या मॅडम." पुढं वडाळ्याला माझी खोली. तिथं पैठणी उतरवताना निरीला चिकटलेला लाल धागा सापडला. तो मी पुस्तकात ठेवला. हसू नका. पंचविसाव्या वर्षी माणूस याहून मोठे वेडेपणा करतो.

मी केला होताच. त्याच्या आदल्या दिवशी.

आता खरं सांगते. मी निकिता. घोडेगावच्या आतल्या अंगाला, एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक. जूनमध्ये तीन वर्षं पुरी झाली की कायम होणार. शाळेत शिक्षक दोनच, मी आणि मुख्याध्यापक काकासाहेब सर. त्या शुक्रवारी सर नेवाशाला प्रशिक्षणाला जाणार होते आणि शाळा माझ्या भरवशावर होती. नेमकं त्याच दिवशी आईनं नगरला माझा पाहण्याचा कार्यक्रम ठेवला. रजा मागितली असती तर सर नाही म्हणाले असते. म्हणून गुरुवारी घंटा झाल्यावर मी दारात उभी राहिले आणि पोरांना सांगून टाकलं, "उद्या सुट्टी!" खिचडीवाल्या मावशींनाही तेच सांगितलं. पोरं ओरडत पळाली. कोण होतं, कोण नव्हतं, कुणी बघितलंय!

नगरच्या त्या मुलानं मला तीनदा एकच विचारलं, "पर्मनंट कधी?" मी तीन घास पोहे खाल्ले आणि परत निघाले.

शनिवारी हजेरीपट भरायला बसले. सगळेच हजर दाखवले तर संशय येणार. शुक्रवारी घोडेगावचा जनावरांचा बाजार, त्या दिवशी पाच-सहा पोरं गळतातच. म्हणून अगदी विचार करून सहा जण गैरहजर मांडले. तिसरीतल्या सृष्टीचे आजोबा बैलांचा व्यापार करतात, म्हणून तिच्या नावापुढंही पेन टेकवला. खोटं कसं खरं दिसावं, याची काळजी घेतली हो मी! आज आठवलं तरी कान तापतात.

मग एक मे उजाडला. झेंडावंदन झालं की निकाल, आणि निकालानंतर गुणगौरव. सरपंच आप्पासाहेबांनी यंदा हौसेनं सांगितलं होतं, बक्षीस मिळणाऱ्या प्रत्येक पोराला फेटा बांधायचा. शिष्यवृत्ती, निबंध, धावणं, चित्रकला, शंभर टक्के हजेरी... सात पोरं, सात फेटे. आणि मॅडमलाही एक, कारण माईक माझ्याकडे.

मी वर्गात यादी वाचत बसले होते, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बँकेची शाखा इथं निघाली व्हय?"

गाठोडं काखेत, ओठांत टाचण्या, आणि तेच गालातलं हसू. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"तुम्ही... इथं?"

"हितलाच हाय मी. आठवडाभर नगरात असतो, म्हनून दिसलो न्हाई." तो माझ्या मागं येऊन उभा राहिला. "बसा. आधी तुमाला बांधतो. मान वर. खाली घातली तर फेटा कपाळावर येईल."

"माझी मान आज वर व्हायची नाही."

"एवढं काय? खोटंच बोललात ना, दरोडा तर न्हाई घातला. बँकेवर."

मी हसले आणि त्यानं कापडाचा पहिला वेढा घेतला. वीतभर अंतरावर त्याचे हात. कापडाला उन्हाचा आणि इस्त्रीचा वास. प्रत्येक वेढ्याला तो नुसतं "घट्ट?" म्हणायचा आणि मी नुसतं "नाही" म्हणायची. बाहेर पोरांचा कालवा, आत पंखा खडखडतोय... हे वेढे संपूच नयेत असं मला वाटत होतं.

"लाल रंग मुद्दाम आनला," तो म्हणाला. "शाळेतल्या मॅडम वडाळ्याहून येत्यात असं कळलं, तवा शंका आली; खात्री नव्हती तुमीच असाल म्हनून. पन घोडेगावात सगळ्या बँका फिरलो मी. तीन वेळा."

"शी! खरंच?"

"मान हलवू नका."

मग तो गाठोड्याकडे बघत सहज म्हणाला, "आन् पोरांच्या सातावर एक फेटा जास्त आनलाय. आठवा. लहान मापाचा, गुलाबी. माझ्या पुतणीचा. हजेरीचं बक्षीस तिलाच मिळनार, असं वर्षभर म्हनत हुती. तापातबी शाळा सोडली न्हाई हो तिनं. सृष्टी. तिसरीला हाय."

मी यादीकडे बघितलं. हजेरीपुढं समर्थचं नाव होतं.

"सृष्टीचं नाव नाही यादीत," मी म्हटलं. "एकच दिवस चुकला तिचा."

"कसं शक्य हाय? कुठला दिवस?"

"जानेवारीतला..." आणि माझी जीभ जागच्या जागी थांबली. "...शुक्रवार."

त्याचे हातही थांबले. माझ्या डोक्याभोवती, कापडासकट.

मग बोलला तो आवाज जीपमधला नव्हता. "गुरवारी ती मागं झाडांना पानी घालत हुती. सुट्टी तिला ठावंच न्हाई. सकाळी आली, पायरीवर बसली. कुनीच येईना. मग तिनं स्वतःच हजेरी घेतली. वहीत सगळ्यांची नावं लिहिली, एकेकाला हाक मारली. समर्थ, गैरहजर. अमका, गैरहजर. सृष्टी... हजर, मॅडम." त्यानं कापडाचं टोक आत खोवलं. "दुपारपातूर बसून घरी आली. आमी वर तिलाच रागावलो."

मी हातातल्या यादीची घडी घातली, पुन्हा उघडली.

"आन् त्याच शुक्रवारी तुमी जीपमधी हुतात. पैठणी नेसून." शेवटची टाचणी त्यानं इतकी जपून लावली की ती टोचली असती तर बरं वाटलं असतं. "रजा हुती न्हाई का... बँकेला."

तो पोरांना बांधायला निघून गेला. पुन्हा माझ्याकडे बघितलंही नाही.

मांडवात सात पोरं सात रंगांत बसली होती. तिसऱ्या रांगेत सृष्टी, तेल लावून घट्ट वेण्या, लाल रिबिनी. ती समर्थच्या फेट्याकडे बघत होती आणि टाळ्या मात्र सगळ्यांपेक्षा जास्त वाजवत होती. कडेच्या खांबाला टेकून बन्सी उभा होता. गाठोड्यातून गुलाबी कापडाचं टोक बाहेर आलेलं त्यानं आत ढकललं.

मी एकेक नाव पुकारत होते आणि डोक्यात हिशेब चालला होता. एक महिना. फक्त जून यायचाय. कुणाला कळलंय? बन्सी काही माईकवर येऊन बोलणार नाही. सृष्टीला पुढच्या वर्षी देऊ की! तेवढ्यात डोक्यावरचा फेटा जड झाला. खरंच सांगते, मान दुखायला लागली. सत्काराचा फेटा, आणि तो घालून मी काय करत होते!

"शंभर टक्के हजेरी," मी वाचलं. समर्थ उठला. आप्पासाहेबांनी बक्षीस हातात घेतलं.

"थांबा," मी म्हणाले. माईक किंचाळला. "हे नाव चुकलंय. म्हणजे... मी चुकवलंय. जानेवारीत एका शुक्रवारी शाळा भरलीच नाही. मी माझ्या कामाला नगरला गेले होते. दुसऱ्या दिवशी हजेरी मनानं भरली. त्या दिवशी शाळेत एकच मुलगी आली होती, सृष्टी. आणि मी तिलाच गैरहजर मांडलं. मला... मला फार लाज वाटते."

काकासाहेब सरांचा चेहरा पांढराफटक. आणि तेवढ्यात समर्थ म्हणाला, "मीबी त्या दिवशी मामाच्या गावाला गेल्तो."

कुणीतरी हसलं. पण सृष्टीची आजी, साळूबाई, हसल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या. "चूक कबूल केली, ते बरं केलं बाई. पन माझी पोर निम्मा दिस पायरीवर बसली. वर बोलनी खाल्ली." आणि बसल्या. फेट्याखाली माझे डोळे गळत होते, पुसायचंही सुचेना.

आप्पासाहेबांनी घसा खाकरला. "समर्थचा फेटा राहू द्या, पोराचा काय दोष. सृष्टी, ये पुढं."

ती आली. मंचावर तिला स्टुलावर उभं केलं, आणि बन्सीनं गुलाबी फेटा सोडला. मापात तो अगदी बरोबर बसला.

कार्यक्रम संपला. सर हळूच म्हणाले, "मॅडम, हे तुम्हाला लेखी द्यावं लागेल. मला वर कळवावं लागेल."

"देते सर."

"जूनचं तुमचं—"

"माहीत आहे, सर."

माणसं पांगली. मी शाळेच्या पायरीवर बसले. हीच ती पायरी. फेटा सोडायला हात वर केले, पण टाचणी सापडेना.

"थांबा. ओढू नका, फाटंल." बन्सी पुढं आला. पण त्यानं टाचणी काढली नाही, उलट आणखी आत सरकवली. "आज ऱ्हाऊ द्या."

"मी त्या लायकीची नाही."

"मघाशी नव्हतात. मी आठवा फेटा गाठोड्यात बांधून चाललोच हुतो. परत या शाळेकडं बघनार नव्हतो, तुमच्याकडंबी न्हाई." तो दोन पायऱ्या खाली बसला. "राग हाय अजून. खोटं कशाला सांगू? पन एवढ्या मानसांत स्वतःला गैरहजर मांडनारी बाई मी पैल्यांदा बघितली."

"नोकरी राहील की नाही, माहीत नाही."

"मी विचारलं का, पर्मनंट कधी म्हनून?"

मी चमकून बघितलं. त्याला त्या नगरच्या मुलाचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं आपलं सहज म्हटलं होतं. आणि मला एकदम रडू आणि हसू दोन्ही आलं.

तेवढ्यात सृष्टी वही घेऊन आली. गुलाबी फेटा पळापळीत सैल होऊन डोळ्यांवर येतोय, एका हातानं सावरतेय. तिनं जानेवारीतलं पान उघडून दाखवलं. वेड्यावाकड्या अक्षरांत पूर्ण वर्ग. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'निकिता मॅडम – गै.'

"हे खोडू का गं मी?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम," ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "त्या दिशी तुमी नव्हत्याच ना."

मग तिनं नवं पान काढलं. एक मे. माझ्या शेजारी पायरीवर बसून, जीभ बाहेर काढून लिहिलं, 'सृष्टी – ह. निकिता मॅडम – ह.'

"आन् माझं?" बन्सी म्हणाला.

"काका, तू शाळेत न्हाईस. तुझं नाव हजेरीत येत नसतं."

तो माझ्याकडे बघत होता. जीपमध्ये बघितलं होतं तसंच, पण आता हसू नव्हतं, वाट बघणं होतं. आज एवढं खरं बोलले होते... अजून एक बोलायला काय हरकत होती?

"लिही गं," मी सृष्टीला म्हणाले. माझी मान खाली गेली, फेटा कपाळावर आला, तरी म्हणाले, "माझ्या नावाच्या खाली लिही. बन्सी... हजर."