चार मिलिमीटर

टक्.

स्वयंपाकघरात राइस कुकरचं बटण उडालं आणि नोहेआच्या हातातलं पातं जागच्या जागी थांबलं. एवढ्याशा आवाजानंही कामालेई उठून बसते. पाच वर्षांची पोर, पण दुपारची झोप सशाची. नोहेआनं कानोसा घेतला. आत हालचाल नव्हती. पत्र्यावर हिलो गावचा पाऊस चालला होता, तो काय रोजचाच. तिनं श्वास सोडला आणि पुन्हा लाकडाला हात घातला.

घराला लागून गाडीसाठी शेड होती. तिथं गाडी कधी उभी राहिलीच नाही. आधी नोहेआच्या बापानं तिथं गिटारी दुरुस्त केल्या, आता ती करायची, लेकीच्या झोपेच्या दीड तासात. बाकावर अंकल वेंडलची गिटार पालथी बांधली होती, तारा काढून, दांडीवरचं जुनं पॉलिश खरवडून. पातं ओढलं की महोगनीचा तांबूस पापुद्रा सुटायचा. तो ती कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. गिऱ्हाइकाचं लाकूड गिऱ्हाइकाला परत, ही बापाची शिस्त.

तिनं जाडी मोजायचा कॅलिपर दांडीला लावला. पहिल्या पडद्यापाशी एकवीस मिलिमीटर. सकाळी पंचवीस होते. चार उतरवायचे, त्याहून केसभर जास्त नाही. इतक्या जुन्या गिटारीच्या दांडीत लोखंडी सळईचा आधार नसतो, जास्त छिललं तर ती वाकते. काम झालं होतं.

अंकल वेंडल आदल्याच दिवशी, सोमवारी, आला होता. खरं तर नात्यातला नव्हे, पण गल्लीतल्या सगळ्या पोरांना शाळेच्या बसमधून त्यानंच नेलं-आणलं, नोहेआलाही. तिनं कागदावर त्याच्या पंजाची रूपरेषा काढून घेतली. गाठी आलेली आखूड बोटं. दांडीभोवती ती मिटतच नव्हती.

"डॉक्टर म्हणतो, वय झालं," तो म्हणाला. "म्हटलं, ते मला आरशात दिसतं, तू गोळी दे."

"दुसरी बारीक दांडीची गिटार का नाही घेत, अंकल? माझ्याकडे आहे एक."

"घेऊन पाहिली. मोमी वळूनसुद्धा बघत नाही."

आंटी मोमी त्याची बायको. दोन वर्षांपासून तिला माणसं आठवेनाशी झाली होती. दुपारी चार वाजले की ती चपला घालून दाराशी उभी राहायची, घरी जायचंय म्हणून. मग वेंडल ही गिटार घ्यायचा, एक जुनं गाणं वाजवायचा, आणि ती मागं वळून विचारायची, वेंडल, तू जेवलास का?

"तेवढ्या एका वाक्यावर माझा दिवस निघतो गं पोरी. आता तीन आठवडे वाजवलेलं नाही. बेचाळीस वर्षं संसार केला आणि मला विचारते, ड्रायव्हर, बस कधी सुटणार?" तो हसला. नोहेआला हसता आलं नाही. "डॉक्टर म्हणतो, जे ती रोज ऐकणार नाही ते लवकर जाईल. तेव्हा घाई कर."

बुधवारी दुपारी तिनं तेल लावायला गिटार हातात घेतली आणि तळव्यालाच कळलं. कॅलिपर लावला. पंचवीस.

तिनं कॅलिपर पुसला, शून्यावर आणला, सहा मिलिमीटरच्या ड्रिलवर तपासला. बरोबर सहा. पुन्हा दांडीवर लावला. ओलाव्यानं लाकूड फुगतं, पण फार तर केसभर. आणि फुगलेल्या लाकडावर पॉलिश येत नाही. दांडी वरपासून खालपर्यंत जुन्या पॉलिशनं चकाकत होती. फक्त एका जागी, अंगठा टेकतो तिथं, ते झिजून लाकूड उघडं पडलं होतं. डब्यात कालचे पापुद्रे तसेच होते.

आपण काल ते काम केलंच नसेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. लेकरू झालं तेव्हापासून ती कितीतरी गोष्टी विसरत होती. मग तिनं पुन्हा पातं घेतलं.

त्या दिवशी ती थांबली नाही. एकवीसवर आणून, तेल देऊन, नव्या तारा चढवून, सूर लावूनच उठली. शेडला कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली. सकाळी कुलूप तसंच होतं. सहाही तारा सैल होऊन लोंबत होत्या. खुंट्या घसरल्या तर एखाददुसरी तार उतरते. इथं प्रत्येक खुंटी मोजून तीन फेरे मागं फिरवलेली होती.

दांडी पंचवीस.

तिनं फोन लावला. "अंकल, ही गिटार मुळात कुणाची?"

पलीकडे त्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला.

"सॉलोमनची," तो म्हणाला. "मोमीचा पहिला नवरा. लग्नाला वर्षही नव्हतं झालं. पोहोइकीला समुद्राच्या खडकांवर ओपिही शिंपले काढायला गेला. शिंपल्यांकडे बघत बसला, लाटेकडे पाठ केली. सापडला नाही. का गं?"

"तो तारा सैल करून ठेवायचा का?"

"जुनी माणसं सगळीच ठेवायची. घरची सुरांची जुळणी बाहेरच्याला कळू नये म्हणून. त्यानं मोमीलाही सांगितली नाही, आणि गेला. ते गाणं मी माझ्याच जुळणीत वाजवतो. ती हसून म्हणायची, जवळ आहे, पण ते नव्हे. होईल ना रविवारपर्यंत? काल तिनं मला घराबाहेर काढलं. म्हणाली, परका माणूस घरात नको."

होईल, असं ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी तिनं दांडी छिलली. हात दुखून यायचे. शनिवारी ती सावकाश, जवळजवळ विनवत छिलत होती. कॉफीचा डबा काठोकाठ भरला, झाकण बसेना. एवढं लाकूड एका दांडीत मावतच नाही.

रविवारी सकाळी पंचवीस.

प्रार्थना आटोपून दोघं आली. अंकल वेंडलनं इस्त्रीचा फुलाफुलांचा शर्ट घातला होता. आंटी मोमी त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून चालत होती, अनोळखी माणसाबरोबर चालतात तशी. नोहेआनं तिला खुर्ची दिली. तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली आणि विचारलं, "बस इथूनच सुटते ना?"

"अंकल," नोहेआ हळू आवाजात म्हणाली, "माझ्याच्यानं नाही झालं. मी पाच वेळा केलं. ती उतरत नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाला—"

त्यानं गिटार तिच्या हातातून घेतली आणि दांडीला पंजा घातला.

बोटं मिटली.

"झाली की," तो म्हणाला. "अगदी हातातली."

तिनं कॅलिपर पुढं केला. पंचवीस. मग तिनं त्याच्या बोटांकडे पाहिलं. ती दांडीला सहज वळसा घालून पलीकडे पोचली होती. गाठी नव्हत्या. अंगठा झिजलेल्या जागेवर टेकला होता, आणि ती जागा त्यानं पूर्ण झाकली होती.

बाकावर सोमवारचा कागद होता. तिनं तो उचलून त्याच्या हातामागं धरला. रेषा सगळीकडून आतच राहिली; हात तिच्यापेक्षा मोठा होता.

"अंकल, गिटार खाली ठेवा," ती म्हणाली.

त्याला ऐकू आलं नसावं. तो खुंट्या फिरवत होता. न ऐकता, न थांबता, रोज दार उघडावं तसं. अशी जुळणी नोहेआनं कधी ऐकली नव्हती. जाडी तार इतकी खाली गेली की बाकावरचे खिळे थरथरले.

त्यानं ते गाणं वाजवलं.

आंटी मोमीच्या मांडीवरून पर्स घसरली. तिची मान वर आली. तोंडावरचा दोन वर्षांचा गोंधळ कुणीतरी हातानं पुसून घ्यावा तसा गेला.

"हेच," ती म्हणाली. "हेच ते." आणि मग, अगदी घरगुती आवाजात, "सॉलोमन, तू जेवलास का?"

नोहेआ त्याच्याकडे बघत राहिली. तो हसून नाही म्हणेल, मी वेंडल गं, म्हणेल. इतकं तरी म्हणेल.

"जेवलो," तो म्हणाला.

गाणं संपलं. त्यानं एकेक खुंटी तीन फेरे मागं फिरवली आणि मगच गिटार खाली ठेवली. आंटी मोमीनं उठून त्याच्या दंडाला धरलं.

तेवढ्यात कामालेई घरातून आली. दोन्ही हातांत मुसुबी, म्हणजे भाताचा मुटका धरून, अंकल वेंडलसाठी तिनं स्वतः वळलेला, एका बाजूनं फुटलेला. ती पळत शेडपर्यंत आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

तो खाली वाकला.

"तुझं नाव काय, बाळ?" त्यानं विचारलं.

पोरीनं त्याला नीट पाहिलं. नाव सांगितलं नाही. भात छातीशी धरून ती मागं मागं सरकली, नोहेआच्या पायाला पाठ लागेपर्यंत, आणि वर बघून हळूच म्हणाली,

"मम्मी, अंकल वेंडल कधी येणार?"