तमन्नाचा हात शाळेत का अडायचा?

२०५८ सालची ही गोष्ट. आमच्या पाचवीतल्या तमन्ना मुलाणीचं अक्षर दवाखान्यात मोत्यासारखं यायचं आणि शाळेत मात्र कोंबडीचे पाय. हात तोच, पेन्सिल तीच. मग असं का?

आम्ही सोपं उत्तर काढलं होतं: ढोंग! मीही तेच म्हणायचे. आज त्याची लाज वाटते.

तमन्नाचे स्नायू जन्मापासून सैल. माझे आजोबा, डॉक्टर टिळेकर, तिच्यावर व्यवसायोपचार (रोजची कामं आपली आपल्याला करता यावीत म्हणून दिलेले उपचार) करायचे. त्यांनी बनवलेला ‘सोबती’ हा यंत्रमानव तिचा सराव घ्यायचा. मे महिन्यात त्याने अहवाल दिला: ‘लेखन उत्तम. उपचार पूर्ण.’ आजोबांनी सही ठोकली.

तो अहवाल वाचून आमच्या बाई तिला म्हणाल्या, “तिथे जमतं, मग इथेच काय होतं गं तुला?” वर्ग खो खो हसला. दिवाळीनंतर तमन्ना शाळेत आलीच नाही.

हे मी आजोबांच्या कानावर घातलं, तेही जानेवारीत. दुसऱ्याच दिवशी ते सोबतीला घेऊन शाळेत आले. आमच्या वर्गात भिंतभर बोलका पडदा आहे, पण बसायचं सतरंजीवरच. मांडी घालून, वही गुडघ्यावर ठेवून.

“सोबती, तमन्नाचा सराव कुठे घेतलास?”

“तिच्या मापाच्या खुर्चीत. पाठीला आधार, पायाखाली फळी, समोर टेबल.”

“आणि असं खाली बसवून?”

“तसं तुम्ही सांगितलं नव्हतं.”

आजोबा स्वतः सतरंजीवर मांडी घालून बसले आणि माझ्याकडे वळले.

“मंजिरी, झोपाळ्यावर बसून सुईत दोरा ओवता येईल तुला?”

“छे! सगळं अंग हलतं ना.”

“तेच झालं बघ. खुर्ची तिचं धड सावरायची, म्हणून हात मोकळा असायचा. इथे धड सावरण्यातच तिची ताकद संपायची. दवाखान्यात हात तयार होतो, ते हवंच. पण तो हात जिथे वापरायचा ती जागाही बघावी लागते. एकतीस वर्षांत मी एकाही शाळेची पायरी चढलो नाही गं.”

संध्याकाळी बाई, आजोबा आणि मी तिच्या घरी गेलो. आजोबा म्हणाले, “चूक माझी आहे, तमन्ना.” बाईंचे डोळे भरून आले.

तमन्नाने माझ्याकडे बोट दाखवलं. “हिला मी सांगितलं होतं, खाली बसलं की हात पळतो. ही हसली.”



आता आजोबा दर गुरुवारी वेगवेगळ्या शाळांत जाऊन मुलं कशी बसतात, लिहितात, डबा खातात ते बघतात. आमच्या शाळेत टेकायची पाठ असलेली बसकी आसनं आली आहेत आणि तमन्ना त्यावर बसून पानभर लिहिते. पण तिचं वर्ष गेलं ते गेलंच. ती पुन्हा पाचवीत आहे, आम्ही सहावीत. मधल्या सुट्टीत मी तिच्या वर्गात जाते. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. मी तरी रोज जाते.