चोंबडीची साक्ष

शौनक शिंकला, आणि खोलीत काहीच झालं नाही.

निशिगंधाच्या हातातलं मलमलीचं फडकं जागच्या जागी थांबलं. "परत शिंक," ती म्हणाली.

"ऑर्डर दिल्यावर येते का शिंक?"

"मग खोक. मोठ्यानं."

शौनक खोकला. मग रेड्यासारखा रेकलासुद्धा. खोली गप्प.

आता, सानपाडा गावातल्या धर्मराज आजोबांच्या या खोलीत कुणी शिंकावं आणि त्याला उत्तर मिळू नये, असं कधी घडलं नव्हतं. आजोबा तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. बँड मोडला, पण आजोबांची हौस मोडली नाही. जिथून मिळतील तिथून त्यांनी जुने ड्रम गोळा केले. असे अकरा झाले. ड्रम पालथा केला की पोटाखाली बारीक तारा दिसतात. तो झर्र झर्र आवाज त्यांचाच. शेजारी कुणी जोरात बोललं तरी त्या थरथरतात. म्हणून ड्रम ठेवताना बाजूचा खटका पाडायचा आणि तारा सैल सोडायच्या, ही आजोबांची शिस्त. त्यामुळे दहा ड्रम गुण्यागोविंदानं झोपलेले असत.

अकरावा होता सगळ्यांत जुना, पितळी. त्याचा खटका मोडका होता, त्यामुळे तारा कायम ताणलेल्या. कुणी शिंको नाहीतर भांडो, हा मध्ये तोंड घालणारच. म्हणून आजोबांनी त्याचं नाव ठेवलं होतं चोंबडी. चोंबडीच्या ठेक्यावर म्हणे एकदा नवरदेवाची घोडी नाचत नाचत खाडी ओलांडून गेली आणि नवऱ्याचं लग्न पलीकडच्या गावात लावावं लागलं. आजोबा हेही सांगत, "खोटं बोलनाऱ्याला ती सोडीत नाय. लगेच बोंबलते."

हे आजोबा चार दिवसांसाठी उरणला लेकीकडे गेले होते. जाताना खोलीची किल्ली त्यांनी पहिल्यांदाच नातीच्या, निशिगंधाच्या हातात दिली होती. "माजी अकरा लेकरं हायत. सांबाल," एवढंच म्हणाले होते. आणि आज संध्याकाळी ते परत येणार होते.

निशिगंधानं चोंबडीची पेटी उघडली. आत ड्रम होता, पण काळा. त्यावर सोनेरी पट्टे, पोटाला नाण्याएवढं भोक. रंगाचा वास अजून गेला नव्हता.

"अरे, असले मी पाहिलेत," शौनक म्हणाला. "वाशीला, बाबासोंच्या दुकानात. भोकातून वायर घालतात आणि दिवा करून टांगतात. आईला एक हवा होता, बाबा नको म्हणाले."

निशिगंधानं पेटी बंद केली. एकदा भोक पडलं की ड्रमचा आवाज बिघडला तो बिघडलाच. तिनं आठवून पाहिलं. किल्ली तिनं फक्त एकदा दिली होती. परवा, रूपेशकाकाला. भिंतीला रंग द्यायचाय, मापं घेतो, म्हणाला होता.

"काकाला फोन कर," शौनक म्हणाला.

"तो म्हणेल, टेन्शन घेऊ नको. तोवर तिकडे भोक पडेल. सायकल काढ."

वीस मिनिटांत दोघं वाशीला. बाबासोंच्या दुकानामागच्या शेडमध्ये तीसेक ड्रम एकावर एक रचलेले होते, काहींवर कापड टाकलेलं. टेबलावर ड्रिल मशीन, तेही प्लगला लावलेलं. बाबासो माणूस गोड. आवाज इतका मऊ की लोणी लाजावं.

"काय बघतीस गं बाळ?"

"आमचा पितळी ड्रम. मोडक्या खटक्याचा."

"तसला न्हाई बाई आमच्याकडं," बाबासो हळूच म्हणाले.

ढिगाऱ्याला हात लावू देईनात. निशिगंधानं एकदा ड्रमकडे पाहिलं. टांगल्यावर दिव्यांनी कुरकुर करू नये म्हणून कारागिरानं सगळ्यांचे खटके पाडून ठेवले होते. म्हणजे इथे बोलू शकेल अशी एकच होती. पण या लोण्यासारख्या आवाजाला ती उत्तर देणार कशी? तिनं शौनकच्या पायावर पाय दिला आणि कानाला हात लावला. मुलगा हुशार. त्याला तेवढं पुरलं.

"काय म्हणालात काका?" शौनकनं कानामागे तळवा धरला. "मला जरा कमी ऐकू येतं."

"तसला ड्रम न्हाई."

"कसला आहे?"

"न्हाई म्हटलं, न्हाई."

"हां, आहे ना? मग दाखवा की."

"अरे लेका," बाबासोंचा लोण्याचा गोळा शेवटी वितळला आणि आतला खरा आवाज बाहेर पडला, "पितळी ड्रम आमच्याकडं न्हाई!"

कापडाखालून उत्तर आलं. झर्रर्रर्र.

निशिगंधानं कापड ओढलं. चोंबडी पितळेच्या तोंडानं हसत बसली होती. पोटावर खडूचं वर्तुळ होतं, भोकासाठी आखलेलं. पण फक्त खडूचं.

बाबासोंनी ड्रिलचा प्लग काढला. "रूपेशशेठनंच आणून दिला. मोडका हाय, म्हातारा बघत बी न्हाई म्हणाले. बदल्यात त्यांच्या ऑफिसात दोन दिवे लावायचं ठरलं. कुणाला सांगू नका म्हणाले, म्हणून... ने बाई. मी काय चोर न्हाई."

ड्रम चादरीत गुंडाळून त्यांनी सायकलच्या कॅरियरला बांधला. वाटेत प्रत्येक ट्रकच्या हॉर्नला चोंबडी उत्तर देत होती.

संध्याकाळी आजोबा आले ते चपला काढून थेट खोलीत. चोंबडीला त्यांनी मांडीवर घेतलं. बोट फिरलं आणि थांबलं. पितळेच्या बारीक ओरखड्यात खडूची पांढरी रेघ उरली होती.

"ह्ये काय?"

निशिगंधानं तोंड उघडायच्या आत दारातून रूपेशकाका म्हणाला, "मला काय विचारता? मी हातपण नाय लावला!"

झर्रर्रर्र.

मग निशिगंधानं पहिल्यापासून सगळं सांगितलं, किल्ली आपणच दिली हेही.

आजोबांनी चोंबडीवरून हात फिरवला. "रूपेश, दर रविवारी अकराच्या अकरा फडक्यानं पुसायचे. चिंच लावायची नाय, पितल खरवडायचं नाय. शिकवील ही." मग त्यांनी गळ्यातला दोरा काढला. त्याला ड्रमचं कातडं ताणायची छोटी चावी होती, कित्येक वर्षं त्यांच्या छातीवर घासून गुळगुळीत झालेली. ती त्यांनी निशिगंधाच्या गळ्यात घातली. "किल्ली कोनालाबी देता येते, पोरी. चावी नाय. वाजवून झालं का अर्धा फेरा सैल कर, नायतर कातडं फाटंल. आन हा तुजा मित्र बरा हाय. असा बहिरा मना बँडमंदी पायजे होता."

शौनक लाजला. मग त्याला राहवेना. "आजोबा, ती घोडी खरंच खाडी ओलांडून गेली होती?"

"मंग?" आजोबांनी छाती फुगवली. "या माज्या डोल्यांनी बगितली!"

झर्रर्रर्र.