आजोबांचा थोरला

जेवणं झाली की सासरे अंगणात, पालथ्या टोपलीला टेकून बसतात. ही टोपली म्हणजे आमची मासेमारीची होडी. बांबूची, गोल, शेण आणि राळेनं सारवलेली. गोष्टीतला अंगठ्याएवढा राजपुत्र करवंटीतून समुद्रावर निघतो, तशीच दिसते, असं मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी म्हणाले. तेव्हापासून धाकटे दीर बाव मला राणीसाहेब म्हणतात.

काल रात्री वीज गेली.

"बाबा, राणीसाहेबांना भुताची गोष्ट सांगा. डोंगराकडच्या आहेत, जरा घाबरू देत."

"भुताची नाही," सासरे म्हणाले. "खियेम म्हणून माझ्या ओळखीचा होता, त्याची."

आत सासूबाई भांडी घासत होत्या. आवाज थांबला.

"दुसऱ्या चांद्रमासाची बारावी तिथी. पहाटे तीनला वीस कमी. लग्न नऊ दिवसांवर, म्हणून खियेम जेवणासाठी सुकवायची माकुळं धरायला एकटाच टोपली घेऊन गेला. समुद्र गप्प. आणि समोर आजोबा."

"देवमासा, वहिनी. आम्ही त्याला आजोबा म्हणतो," बाव कुजबुजले.

"मेलेला. खियेमच्या बापाला वादळात असाच एक, जिवंत, पाठीवर घेऊन किनाऱ्याला लावून गेला होता. मेलेले आजोबा ज्याला पहिल्यांदा दिसतात, तो त्यांचा थोरला मुलगा. त्यानं गावाला हाक द्यायची. डोक्याला पांढरं फडकं बांधायचं. तीन वर्षं सुतक."

"आणि लग्न?" मी विचारलं.

"सुतकात कसलं लग्न, सूनबाई?"

त्यांनी टोपलीच्या काठावरून हात फिरवला.

"त्यानं इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. वल्हं मारलं... किनाऱ्याकडं. पण गोल टोपलीला पुढचं-मागचं नसतं, जागीच गिरकी घेते. मान वर केली. आजोबा तिथंच. पुन्हा मारलं. तिथंच. हात सोलले. मग... श्वास ऐकू आला."

"कुणाचा?"

"मेलेल्याचा."

...

"काही बोलले?" बावांचा आवाज बारीक झाला होता.

"नाही. वाट बघत होते. हाकेची."

...

"त्यानं मान फिरवली. टोपली सुटली. उजाडेपर्यंत आजोबा वाहून गेले. बेवारशी. लग्न झालं. पंगतीत माकुळं वाढली. लोक म्हणाले, झकास."

"आणि खियेम?"

"आहे. खातो-पितो."

आतून सासूबाईंचा आवाज आला. "तीन वर्षं थांबले असते मी. एकदा विचारायचं होतं."

बावांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. सासऱ्यांनी मान वर केलीच नाही.

पहाटे टोपली सुलटी करायला मीच गेले. भरतीचं पाणी अंगणापर्यंत येत नाही. वाळू कोरडी होती. टोपलीखाली मात्र एक पांढरं फडकं पडलं होतं, खाऱ्या पाण्यानं निथळणारं. गाठ आधीच मारलेली.

सासरे मागे येऊन उभे होते. कुठून आलं, असं त्यांनी विचारलं नाही. दोन्ही हातांनी घेतलं आणि डोक्यावर चढवलं.

बरोब्बर बसलं.