गॅस बंद केला काय?

बाबारावांनी खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आगीपासून बचावाच्या खात्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर ते खातं घरी आणलं. दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून ते बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "गॅस बंद केला काय?" पाहुण्यांनाही विचारत. एकदा कुरिअरवाल्यालाही विचारलं. राधाबाई लग्नापासून हेच ऐकत आल्या होत्या.

"एक दिवस तरी गप राहा न," त्या चपला घालता घालता म्हणत.

दुसरा नाद निवडुंगाचा. कुंडी खुर्चीला लागूनच होती. पावसाळा सरल्यावर बाबारावांनी धारदार सुरीनं त्याच्या तीन फड्या कापल्या आणि स्टुलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवल्या. वरच्या मजल्यावरच्या बेबीताई लगेच कुंडी घेऊन हजर.

"इतकी घाई काहून?" बाबाराव म्हणाले. "आधी जखम सुकू द्या. ओली लावली तर सडते. खपली धरली की फडी पुन्हा झाडाला जुळत नाही, पण स्वतःची मुळं सोडते."

खपली धरली. एक फडी बेबीताईंना गेली, एक शेजारच्या दुबेजींना, आणि एक नर्मदेवरच्या ग्वारीघाटच्या फूलवालीला, कारण राधाबाई तिच्याकडूनच हार घेत.

महिनाभरात फड्या रुजल्या आणि घर शांत झालं. राधाबाई बाजारात गेल्या, आल्या. कोणी काही विचारलं नाही. नर्मदामाईनं ऐकलं, असं त्यांना वाटलं. तसं त्यांनी बेबीताईंना सांगितलंही. बेबीताई हसल्या नाहीत.

"वहिनी, भाऊजी आमच्याकडे येऊन राहिले काय?"

"ते तर खुर्चीतून हलत नाहीत."

"मग मी कुलूप लावते तवा मागून कोण विचारते?"

जिन्यात दुबेजी भेटले. "भाभीजी, भाईसाहब की आवाज़ रोज़ आती है. गैस का कुछ पूछते हैं. अब हमारे यहाँ तो इंडक्शन है." सूर तक्रारीचा नव्हता, खुलासा देण्याचा होता.

घाटावर तर कहर झाला होता. फूलवालीच्या दुकानासमोरून नावेत बसायला निघालेली माणसं मध्येच थबकत, एकमेकांकडे बघत आणि घरी परतत. नावाडी तिच्यावर चिडले होते.

राधाबाईंना हे सगळं ऐकून हसू आलं. पुढच्या आठवड्यापर्यंत येत राहिलं.

मग एके दुपारी त्या डाळ शिजत ठेवून भाजीला गेल्या. परतल्या तेव्हा जिन्यापर्यंत धूर आला होता. स्वयंपाकघराची भिंत काळी पडली होती. बाबाराव खुर्चीत बसून होते, धुरात, मांडीवर पेपर.

"बोलले काहून नाही तुम्ही?"

त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. मग मान हळूहळू खिडकीकडे वळवली, उन्हाच्या बाजूला.

राधाबाई गॅस बंद करून त्याच पावली फड्या गोळा करायला निघाल्या. बेबीताईंनी कुंडी दिली. दुबेजींनी वर मिठाई दिली. फूलवाली म्हणाली, "ले जाओ अम्मा, इसने सारा धंधा डुबो दिया."

घरी येऊन त्यांनी फड्या मातीतून उपटल्या, मूळ झाडाच्या जुन्या कापांवर टेकवल्या आणि पांढऱ्या दोऱ्यानं करकचून बांधल्या. काटे बोटांत गेले. त्यांनी सोडलं नाही.

सकाळी त्या मुद्दाम लुगडं बदलून दारात उभ्या राहिल्या. कुलूप हातात.

"अहो, निघाले मी."

बाबारावांचं तोंड उन्हाकडे होतं.

"अहो."

कुंडीतल्या एका फडीतून आवाज आला, "गॅस बंद केला काय?" लगेच दुसऱ्या फडीतून. मग तिसरीतून. तिन्ही आवाज त्यांचेच.

"केला," राधाबाई सवयीनं म्हणाल्या.

त्यांनी कुलूप खाली ठेवलं. बाबारावांच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं, कॉलर सरळ करायला त्या वाकल्या. गळ्याच्या मधोमध एक गोल, फिकट, कोरडा डाग होता. त्यांनी बोटानं दाबून पाहिला.

टणक लागला. खपली छान धरली होती.